हातात धरून फिरवायचे खेळ: काही पक्के गैरसमज

अख्खं यंत्र हातात धरून वळवायचं आणि पडद्यावरचा खेळ त्याप्रमाणे चालायचा, असं म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी निन्टेन्डोच्या ‘वी’चं नाव येतं. हालचालीने खेळायचे गेम तिथूनच सुरू झाले, असा समज पक्का बसला आहे. पण वी बाजारात आला २००६च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधी दोन वर्षं, ऑक्टोबर २००४मध्ये, जपानमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी ‘वॅरिओवेअर: ट्विस्टेड!’ निघाला होता. २००० साली गेम बॉय कलरवर ‘कर्बी टिल्ट ’न टम्बल’ येऊन गेला होता, तो तर त्याहूनही जुना. वीच्या मूळ रिमोटमध्ये वळणं टिपणारा जायरोस्कोप नव्हताच. तो २००९मध्ये ‘मोशनप्लस’ हा वेगळा जोड विकत घेतल्यावर मिळाला. ‘ट्विस्टेड’मध्ये तो पाच वर्षं आधीपासून होता. या छोट्या खेळांना त्यांचं श्रेय मिळायलाच हवं.

दुसरा गैरसमज असा, की हालचाल ओळखणारा सेन्सर गेम बॉयच्या आत होता. नव्हता. तो खेळाच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. यंत्राला तो काय असतो हे ठाऊकही नव्हतं. कार्ट्रिज खोचली की ती क्षमता यायची, काढली की जायची. म्हणूनच ‘ट्विस्टेड’ची नुसती फाइल उतरवून कॉम्प्युटरवर चालवली तर खेळ दिसतो, पण फिरवायला काहीच नसतं. सेन्सरचं काम तिथे दुसऱ्या कशाने तरी भागवावं लागतं.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप यांचा. दोन्ही एकच, असं सर्रास समजलं जातं. प्रत्यक्षात दोघांना कळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. अ‍ॅक्सेलरोमीटरला यंत्र स्थिर असताना गुरुत्वाकर्षण कळतं, म्हणजे खाली कुठे आहे ते कळतं. कर्बीचा खेळ त्यावर चालतो: गेम बॉय आडवा धरायचा आणि कलवायचा, की गोल कर्बी उताराकडे घरंगळतो. यंत्राला वर हलकासा झटका दिला की तो उडी मारतो. जायरोस्कोपला खाली-वरचं काही घेणं-देणं नाही. यंत्र किती वेगाने वळतंय एवढंच तो सांगतो. ‘ट्विस्टेड’ला पडद्याच्या प्रतलातलं वळणं तेवढं हवं असतं, त्यामुळे तो गादीवर उताणं पडूनही खेळता येतो. कर्बीच्या बाबतीत ते जमत नाही.

हा फरक गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीवर अगदी स्वच्छ दिसतो. मूळ गेम बॉयमध्ये कार्ट्रिज वरून खोचतात. एसपीमध्ये खाच खालच्या कडेला आहे, म्हणून कार्ट्रिज उलटी बसते. कर्बीचा खेळ तिथे लावला, की उजवीकडे कलवल्यावर कर्बी डावीकडे जातो, कारण सेन्सरच्या दृष्टीने दिशा उलटल्या आहेत. ‘ट्विस्टेड’ मात्र त्याच एसपीवर नीट चालतो. कार्ट्रिज डोकं खाली करून बसवली तरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळणं हे त्याच दिशेने वळणं राहतं.

जायरोस्कोप म्हणजे आत गरगर फिरणारं चाक, हीही समजूत आहे. फूकोने १८५२मध्ये दाखवलेल्या जायरोस्कोपमध्ये चाक होतं. गेममध्ये आणि फोनमध्ये असतो तो सतत कंप पावणारा एक बारीकसा भाग. यंत्र वळलं की कोरिओलिस परिणामामुळे त्या कंपनाला आडवी दिशा मिळते आणि ती मोजून वळण्याचा वेग काढतात. ‘ट्विस्टेड’ युरोपात कधीच विक्रीला आला नाही. त्याच्या सेन्सरमध्ये पारा असल्यामुळे बंदी आली, अशी कथा खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं फिरते आहे. पण तो सेन्सर कंप पावणाऱ्या सिरॅमिकवर चालतो. त्याच्या कामात पाऱ्याची गरजच नाही.

“असले खेळ भरकटतात, म्हणजे सेन्सर बिघडलेला असतो,” असंही ऐकू येतं. जायरोस्कोप कोन सांगत नाही, वेग सांगतो. कोन काढण्यासाठी वेगाची क्षणाक्षणाची बेरीज करावी लागते आणि बेरजेत बारीक चुका साठत जातात. चांगला सेन्सरही याला अपवाद नाही. उपाय खेळ रचणाऱ्याकडे असतो. ‘ट्विस्टेड’मधला एकेक खेळ जेमतेम काही सेकंदांचा, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला शून्य नव्याने ठरवलं जातं. चूक साठायला वेळच मिळत नाही. शिवाय कार्ट्रिजमध्ये कंपनाची मोटरही आहे. वळवताना बोटांना बारीक टिकटिक जाणवते आणि आपण किती वळलो हे डोळ्यांआधी हाताला कळतं. हालचालीचे खेळ म्हणजे नुसती दिखाऊ क्लृप्ती, असं म्हणणाऱ्याने हा खेळ दहा मिनिटं हातात घ्यावा. सेन्सरला जे येतं तेवढंच त्याच्याकडून मागणारे खेळ फार थोडे आहेत, आणि त्यांत हा फार वरचा आहे.

आता आपल्याकडचं बोलू. भारतात २०२१मध्ये आलेल्या बीजीएमआय या फोनवरच्या नेमबाजीच्या खेळात नेम धरायला ‘जायरो’ वापरणारी मुलं गल्लोगल्ली आहेत, आणि हरलेला हमखास म्हणतो की जायरो म्हणजे चीटिंग. ते खरं नाही. ती सोय खेळाच्या सेटिंग्जमध्ये सर्वांना दिलेली आहे आणि ती हातात बसायला सराव लागतो. बोटाने मोठी वळणं घ्यायची आणि शेवटचा नेम मनगटाच्या किंचित हालचालीने साधायचा, हे कौशल्यच आहे.

एक गैरसमज मात्र खिशाला चाट लावतो. फोन आडवा केल्यावर पडदा फिरतो, म्हणजे त्यात जायरोस्कोप आहेच, असं धरून अनेक जण स्वस्तातला फोन घेतात. पडदा फिरवायला अ‍ॅक्सेलरोमीटर पुरतो, आणि कमी किमतीच्या काही फोनमध्ये तेवढाच असतो. तेव्हा खेळण्यासाठी फोन घेणार असाल, तर पैसे देण्याआधी सेन्सरच्या यादीत जायरोस्कोपचं नाव वेगळं दिलेलं आहे का, ते नक्की बघा.