उतरलेली फुलं

ग्लिसरीनच्या पाण्याच्या फवारणीची छोटी बाटली माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत कायम असते. खरं दव फुलावर फार टिकत नाही. ग्लिसरीन मिसळलं की थेंब जागचा हलत नाही. पुण्यात उत्तरेच्या खिडकीपाशी काळं मखमली कापड लावून मी वर्षानुवर्षं असं एकेक फूल टिपत आले. प्रदर्शनात अशा चित्रांखाली ‘क्षणभंगुर’ वगैरे शब्द लिहायचे असतात. मीही लिहिले आहेत.

उज्जैनला गेले तीही त्याच हौसेने. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी महाकालाला फुलांचा सेहरा बांधतात, आणि एरवी पहाटे होणारी भस्मारती वर्षात त्या एकाच दिवशी भर दुपारी होते. नवरदेव होऊन बसलेला देव, मग फुलं उतरवून अंगावर राख. मला आणखी काय हवं होतं? पण डिसेंबर 2022 मध्ये मंदिरात मोबाइलवरसुद्धा बंदी आली होती. कॅमेरा खोलीवर ठेवला आणि रांगेतल्या ढकलाढकलीत जे दिसलं ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बाहेर आले तेव्हा मनात एक अगदी घरगुती प्रश्न होता: एवढं निर्माल्य जातं कुठे?

“पाच-सहा टन,” मंदिराबाहेरचा एक हारवाला म्हणाला. “रोज.” फुलं आणि त्यांच्याबरोबरचा बाकी कचरा मिळून.

या निर्माल्यासाठी वेगळ्या गाड्या आहेत, दिवसाला तीन टन पेलणारा प्रकल्प आहे आणि ‘शिव अर्पण’ नावाचा सोळा बायकांचा बचत गट आहे. फुलं निवडायची, वाळवायची, दळायची, भुकटी भिजवून काडीवर चढवायची, की उदबत्ती. उरलेल्याचं खत होतं, जळणाच्या विटा होतात. सांगायला एवढंच.

कॅमेरा घेऊन मी त्या प्रकल्पावर गेले. तिथला वास मात्र सांगायला हवा. फुलांचा म्हणून जो सुगंध आपण गृहीत धरतो तो तिथे नाही. ओल्या झेंडूचा उग्र, औषधी दर्प, त्यात बेलपानांचा कडवटपणा आणि मध्येच नासलेल्या दुधाची झाक. पहिली पाच मिनिटं मी तोंडाने श्वास घेतला.

निवडायला बसलेल्यांत पन्नाशीची एक बाई होती. पदर कमरेला खोचलेला, उजव्या अंगठ्याचं तेवढं नख वाढवलेलं, झेंडूने पिवळं पडलेलं. हार उचलायचा, नखाने गाठ शोधायची, दोरा ओढायचा. फुलं सुपात, दोरा मागे. एकीकडे बोलणंही चालू. देवाच्या अंगावरच्या फुलाला ती ‘उतरा हुआ’ म्हणत होती. आपल्याकडे चेहरा उतरतो, ताप उतरतो. तिच्याकडे फूल उतरतं, आणि मग तिचं काम सुरू होतं.

मी ढिगाच्या कडेला गुडघे टेकून एक गुलाब निवडला. कडा काळ्या पडलेल्या, आत अजून लाल. दारातून उजेडही छान येत होता. सवयीने बाटली काढली आणि दोन फवारे मारले.

“दीदी, पानी मत मारो.”

ती उठलीच. माझा गुलाब उचलून तिने खताच्या ढिगात टाकला. “सूखा फूल काम का. गीला सड़ जाता है.” बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते.

महिम्नस्तोत्र रचणाऱ्या पुष्पदंताची कथा आठवली. हा गंधर्व अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुलं चोरायचा. राजाने वाटेत शिवनिर्माल्य पसरलं, पुष्पदंताचा पाय त्यावर पडला आणि त्याची अदृश्य होण्याची शक्ती गेली. आम्हा फुलं टिपणाऱ्यांची तऱ्हा हीच. चौकटीत फूल असतं, माणूस नसतो, टिपणारा तर नसतोच. मी त्याच निर्माल्यात गुडघे टेकून बसले होते आणि सगळ्यांना दिसत होते.

न्यूयॉर्कचे छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी 1967 ते 1973 दर वर्षी एकेका जातीची फुलं टिपली: ट्यूलिप, खसखस, गुलाब. डागाळलेल्या, गळायला आलेल्या फुलांवर त्यांचा विशेष जीव. मी दुरून त्यांचीच शिष्या. पण त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवरून फूल पुढे कुणी उचललं, हे मला आजवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

पाण्याची धास्ती महाकालाच्या मंदिरात दगडालाही आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात हे मंदिर पुन्हा उभारलं. तिथल्या पिंडीची झीज होते म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2017 मध्ये अभिषेकाला आरओचं पाणी, तेही माणशी अर्धा लिटर, असं ठरलं. 2020 मध्ये भक्तांना पिंडी चोळायला मनाई झाली. ‘पानी मत मारो’ ही ताकीद तिथे न्यायालयाला द्यावी लागली.

सरकारी हिशेबानुसार 2022 पर्यंत 2,200 टन फुलांपासून 3 कोटी 2 लाख 50 हजार काड्या झाल्या. आकडा मोठा आहे, कागदावर शोभतो. माझ्या डोक्यात मात्र पाच-सहा टनच राहिले, कारण ते रोजचे, आणि ती बाई एका वेळी एकच हार उचलत होती.

संध्याकाळी तिच्या हाताचा वेग मंदावला तो एका हाराशी. जरीची झिरमिळी, प्लास्टिकचे मणी, नायलॉनचा दोरा. नखाने सुटेना, तेव्हा तिने दाताने तोडला आणि मणी थुंकला. तो फोटो माझ्याकडे आहे. हलला आहे, प्रदर्शनात लावण्यासारखा नाही.

उज्जैनला जाणार असाल तर हार घेताना दोरा सुती आहे ना, एवढं बघून घ्या. जरी आणि मणी नकोत म्हणून सांगा.