घराच्या कागदावर तिचं नाव

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातलं आमचं घर तसं साधंच. पुढं तुळस, मागं शेवगा, भाजी आणायला पाइपलाइन रोड. हे घर घेताना वकिलांनी आधीची खरेदीखतं मागवली, ती मीही वाचून काढली. आधी शेतजमीन, मग बिगरशेती प्लॉट, मग घर. मालक तीनदा बदलले. देणारे पुरुष, घेणारेही पुरुष. बायका होत्या, पण शेवटच्या पानावर, ‘संमती देणार’ म्हणून! ज्यांनी या घरात बाळंतपणं काढली, पापड-कुरडया वाळवल्या, त्यांची नोंद एका सहीपुरती.

आमचं खरेदीखत मात्र माझ्या एकटीच्या नावावर झालं. यात हौसेपेक्षा हिशेब जास्त. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही अटही २०२३ मध्ये निघाली.

माहेरचंही तसंच. हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच वाटा देणारा कायदा आपल्या राज्यात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोडपत्र उरकणारी घरं कमी नाहीत. वाटा सोडायचा की घ्यायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण सही करण्याआधी कागद वाचा, वेळ मागून घ्या.

आणि हो, खरेदीखत झालं म्हणजे काम संपलं असं नाही. मालमत्ता पत्रक आणि घरपट्टी, दोन्हींवर नाव लागलं का, ते स्वतः जाऊन बघा.