काल्पनिक राज्याचा नकाशा काढायचाय? आधी आपली पैनगंगा बघा

आदिलाबाद : गेम खेळताना पोरं ज्या बेटांवर, किल्ल्यांवर फिरतात तो मुलूख कुणीतरी बसून काढलेला असतो. तसा मुलूख आपल्यालाही काढता येतो. त्याला चित्रकला लागत नाही, पैसेही लागत नाहीत. लॅपटॉप, नेट आणि चिकाटी पुरे.

नकाशा आधी आणि गोष्ट नंतर, हे जुनंच आहे. १८८१ मध्ये स्कॉटलंडात सुट्टीवर असताना स्टीव्हन्सनने सावत्र मुलासोबत एका बेटाचा नकाशा रंगवला, त्यातून 'ट्रेझर आयलंड' लिहून झाली. पुढं प्रकाशकाकडं पाठवलेला तो नकाशाच हरवला आणि बिचाऱ्याला पुस्तक वाचून नवा काढावा लागला. आपल्याकडं जैन परंपरेत अढीद्वीपाचे नकाशे कापडावर रंगवायचे.

सुरुवातीला 'अझगार्स फँटसी मॅप जनरेटर' बरं. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं. पान उघडलं की डोंगर, नद्या, राज्यं, शहरं असं अख्खं जग तयार होऊन समोर येतं. बहुतेक जण इथंच थांबतात. रंगीत चित्र मिळालं, स्टेटसला टाकलं, झालं! शिकायचं असेल तर ते पुसा आणि उंचीच्या नकाशापासून सुरू करा. त्यात प्रत्येक खणाला ० ते १०० अशी उंची देता येते. २० च्या खाली समुद्र, वर जमीन. उंची दिली की पाऊस धरून नद्या सॉफ्टवेअरच काढतं.

हातानं नदी काढायला गेलं की नवशिक्यांचं हमखास चुकतं. एक नदी वाटेत फुटून दोन दिशांना जाते, नाहीतर या समुद्रातून निघून त्या समुद्राला मिळते. पाण्याचा हिशेब ताळेबंदासारखा असतो, जुळलाच पाहिजे. नद्या उतारानं एकमेकींना मिळत जातात. समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर फुटत नाहीत.

याचा धडा घरातच आहे. सातमाळेची डोंगररांग आपल्या भागातून वायव्येकडून आग्नेयेकडं जाते. तिच्या उत्तरेला पडलेलं पाणी सातनाल्यानं पैनगंगेत जातं, पुढं वर्धा, मग प्राणहिता. दक्षिणेकडचं पाणी कडम नदीत उतरतं, कुंतालाला सुमारे ४५ मीटर उडी घेतं आणि गोदावरीला मिळतं. एकाच डोंगराच्या दोन बाजूंचं पाणी शेवटी भेटतं ते थेट सिरोंचा-काळेश्वरला, प्राणहिता-गोदावरीच्या संगमावर. आपल्या काल्पनिक राज्यात अशी एक रांग टाकून बघा, निम्मं जग आपोआप खरं वाटायला लागतं.

हात बसला की 'क्यूजीआयएस' घ्या. हेही मोफत, पण डोक्याला थोडा ताप आहे. यात सगळं थरांवर चालतं : उंचीचा एक थर, नद्यांचा दुसरा, रस्त्यांचा तिसरा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं रडारनं मोजलेली जमिनीची उंची नेटवर फुकट मिळते, ३० मीटरला एक नोंद. आपल्या जिल्ह्याचा तुकडा उतरवून घ्या आणि २५० मीटरच्या खालचं सगळं निळं रंगवा. पैनगंगेच्या खोऱ्याची खाडी होते, गोदावरीकडं दुसरी. मध्ये सातमाळा उभी. आदिलाबाद शहर साधारण २६४ मीटरवर, म्हणजे चक्क बंदर! कापसाच्या बाजारात गलबतं लागलेली डोळ्यासमोर आणा. गोष्ट इथून सुचते.

मग गावं. ती नदीच्या उताराला, घाटाच्या तोंडाला, रस्ता नदी ओलांडतो तिथं बसवा. नावं देवनागरीत लिहा, उगाच इंग्रजी वळणाची नकोत.

सीमा मात्र सगळ्यात शेवटी. नदी उतारावर ठरते, सीमा माणूस ठरवतो आणि तोच बदलतो. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, मग मुंबई राज्यात गेले. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे चार झाले. पैनगंगा आहे तिथंच आहे. राजुऱ्याकडच्या डोंगरपट्ट्यात, जिवती आणि केरामेरीच्या मध्ये, परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर अशी गावं आहेत, ज्यांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथं लोकांकडं दोन्हीकडची रेशन कार्डं आहेत, मतदार याद्यांत नावंही दोन्हीकडं.

अझगारच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खण एकाच राज्याचा असतो. त्यात परमडोलीसारखं गाव दाखवायची सोय मला काही सापडली नाही. क्यूजीआयएसमध्ये जमतं. दोन राज्यांचे दोन वेगळे थर करायचे, एकमेकांवर चढू द्यायचे आणि वरचा अर्धा पारदर्शक ठेवायचा.