सिकलसेल: पाव, अर्धा की दोन तृतीयांश?

मी रायपूरच्या भनपुरीतून बोलतोय. छत्तीसगडात आणि विदर्भातही सिकलसेल ओळखीचा. म्हणून आजचे अपूर्णांक त्यावरच.

आई-वडील दोघेही वाहक. प्रत्येकाकडून सदोष जनुक येण्याची शक्यता १/२, दोघांकडून १/२ × १/२ = १/४; ते मूल आजारी. वाहक १/२, पूर्ण निरोगी १/४. एक मूल आजारी निघालं म्हणून पुढची तिघं सुटली, असं मुळीच नाही! दर वेळी पाव नव्याने.

आता त्या मुलाची धडधाकट बहीण. लग्नाची आहे. ती वाहक असण्याची शक्यता अर्धी? नाही. ती आजारी नाही हे ठाऊक आहे, म्हणून चारांतला एक भाग वगळा. उरलेल्या तिनांत दोन वाहक. २/३. नवराही वाहक असेल, तर बाळ आजारी असण्याची शक्यता २/३ × १/४ = १/६. तिची रक्ततपासणी झाली, की त्या २/३ चा एक होतो किंवा शून्य.