फ्लॅटचा विमा : 'सोसायटीचा असेल' म्हणून गप्प बसू नका

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. या बाजूला आपल्या अनेक दुकानदार व कारागीर बांधवांनी आयुष्याची कमाई घालून फ्लॅट घेतले आहेत. मीही त्यांपैकीच एक. दुकानातील कापडाचा विमा मी दरवर्षी न चुकता उतरवतो. पण "अब्बा, घराचा विमा आहे का?" असे मुलाने विचारले, तेव्हा "सोसायटीचा असेल" एवढेच मला म्हणता आले.

सेक्रेटरींकडून पॉलिसी मागवून वाचली. विमा होता, पण तो फक्त इमारतीचा. घरातील कपाट, फ्रीज, शिलाई मशीन यांचा त्यात उल्लेख नव्हता. रक्कमही जुन्या बांधकाम खर्चाची. कर्जासोबत बँकेने कापलेला हप्ता तपासला, तर तो माझ्या जिवाचा विमा निघाला, घराचा नव्हे!

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आग व भूकंपाविरुद्ध विमा उतरवणे हे सोसायटीचे काम आहे. घरातील सामानाची काळजी मात्र आपली आपणच घ्यायची. त्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड तसेच दंगल यांमुळे होणारे नुकसान तीत येते. २६ जुलै २००५ चा पूर आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ पाहिलेल्या रायगडकरांना याचे महत्त्व सांगायला नको.

विम्याची रक्कम बाजारभावावर नव्हे, बांधकाम खर्चावर ठरते; जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. उदाहरणार्थ, ५०० चौरस फुटांचे घर आणि फुटामागे २,००० रुपये खर्च धरला तर रक्कम १० लाख होते. त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाखांपर्यंत घरातील सामान आपोआप सामील होते. याची कमाल मर्यादा १० लाख आहे. इमारतीचा विमा सोसायटीने काढला असेल तर केवळ सामानाचाही विमा घेता येतो.

आता मर्यादाही समजून घ्या. साधी घरफोडी यात येत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो. सदोष आराखडा किंवा निकृष्ट माल यामुळे इमारत खचली तर भरपाई नाही. महाडची तारिक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. विमा हा चांगल्या बांधकामाचा पर्याय नव्हे. फ्लॅट घेण्यापूर्वी बांधकाम जाणकाराला दाखवा.

आणखी एक गोष्ट खास आपल्या धंदेवाल्यांसाठी. घरात कापडाचे गठ्ठे ठेवत असाल तर तो धंद्याचा माल आहे, घरसामान नव्हे. त्याचा विमा वेगळा काढा आणि सोसायटीलाही कळवा. अशा मालामुळे कंपनीने जादा हप्ता मागितला, तर उपविधींप्रमाणे तो माल ठेवणाऱ्यानेच भरायचा असतो. ही बाब लपवली आणि उद्या आग लागली, तर आपल्यासोबत शेजाऱ्याची भरपाईही वादात पडू शकते.

सामानाच्या पावत्या व फोटो घराबाहेर, दुकानात किंवा नातेवाइकाकडे ठेवा. नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत जळका माल फेकू नका. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

दुकानाची वही आपण रोज पाहतो. घराची पॉलिसी निदान वर्षातून एकदा तरी वाचावी.