रांजणगावचा विंचू

राहू बेटातून भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. तेथील रांजणगावच्या फियाट कारखान्यातून २०१५ मध्ये ‘अबार्थ पुंटो’ बाहेर पडली. साध्या मोटारीत कारखान्यातच दांडगे इंजिन बसवायचे, ही ‘मसल कार’ची रीत १९६४ च्या अमेरिकी ‘पॉन्टियॅक जीटीओ’ने रूढ केली. तिचे इंजिन ६.४ लिटरचे, पुंटोचे अवघे १.४! पण टर्बोचार्जर त्यात हवा दाबून भरतो, त्यामुळे अधिक इंधन जळते आणि १४५ अश्वशक्ती मिळते. शोरूममधील किंमत दहा लाखांच्या आत. बोधचिन्ह विंचवाचे, कारण संस्थापक कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक. आपले गिऱ्हाईक मात्र आधी मायलेज विचारते. पुढे फियाटने भारतातील मोटारविक्रीच थांबवली. कारखाना सुरू आहे. तेथे आता जीप तयार होतात.