लेफ्टनंट सिस्टर

पहाटे पाच वाजता कोणी पाहुणा आमच्या नागापूरला आला, तर त्याला सगळ्यात आधी काय दिसेल, सांगू? एमआयडीसीच्या रस्त्यावर धापा टाकत पळणारी पोरं! भरतीची तयारी चाललेली असते त्यांची. आमचे नगर (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते) म्हणजे रणगाड्यांचे गाव. रणगाडा दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र इथे, रणगाड्यांचे संग्रहालय इथे, आणि तिकडे के. के. रेंजवर सराव सुरू झाला की धडाम्‌धूम आवाज आसपासच्या गावांत ऐकू येतो.

मी चौथीला शिकवते. एकदा वर्गात विचारले, "मिलिटरीत कोण कोण जाणार?" मुलग्यांचे झाडून सगळे हात वर. मुलींचे फक्त दोन. मग विचारले, "नर्स कोणाला व्हायचंय?" आता पाच-सहा मुलींचे हात वर आले. तेवढ्यात एक चुणचुणीत पोर म्हणाली, "बाई, दोन्ही एकदम नाही का होता येत?"

येते की! आणि ते नुसतेच होता येते असे नाही, अधिकारी म्हणून होता येते. हेच पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून आजचा हा लेख.

आपल्या लष्करात 'मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' नावाची एक सेवा आहे. तिच्यातील परिचारिका भरती होते तीच मुळी लेफ्टनंट म्हणून. खांद्यावर दोन तारे! कॅप्टन झाली की तीन तारे, मेजर झाली की अशोकस्तंभाचे चिन्ह. वॉर्डात रुग्ण तिला 'सिस्टर' म्हणतात, पण कागदोपत्री ती असते लेफ्टनंट अमुक, मेजर तमुक. या सेवेत मेजर जनरलपर्यंत चढता येते. १९७६ साली गर्ट्रूड ॲलिस राम या परिचारिका मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्याच स्त्री. म्हणजे बघा, लढाऊ विमानांत आणि युद्धनौकांवर मुली दिसू लागल्या त्याच्या कितीतरी आधी एका सिस्टरने जनरलचा हुद्दा मिळवला होता.

या गोष्टीची सुरुवात झाली आपल्या मुंबईत. २८ मार्च १८८८ रोजी दहा इंग्रज परिचारिका बोटीतून मुंबई बंदरात उतरल्या. इथल्या लष्करी इस्पितळांत शिकलेल्या परिचारिका नव्हत्या, ती व्यवस्था लावायला त्या आल्या होत्या. पुढे १९२६ साली 'इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' ही कायमची सेवा उभी राहिली, आणि १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, या परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला.

आता काम काय असते ते पाहू. सिनेमात नर्स म्हणजे कपाळावर पट्टी बांधणारी आणि डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभी राहणारी. खरे काम त्याहून पुष्कळ कठीण असते, बरं का!

समजा, सीमेवर चकमक झाली. जखमी जवानाला पहिली पट्टी बांधतो त्याचा शेजारचा सोबती. मग त्याला पलटणीच्या डॉक्टरांकडे आणतात, तिथून पुढच्या वैद्यकीय तळावर आणि मग मोठ्या लष्करी इस्पितळात. एकाच वेळी वीस जखमी आले, तर आधी कोणाला घ्यायचे? तुम्ही म्हणाल, जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय त्याला. चूक! ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. कोपऱ्यात जो गप्प पडलाय, ज्याचा चेहरा पांढराफटक झालाय, ज्याची नाडी भरभर पण बारीक लागतेय, त्याला कदाचित आतून रक्तस्राव होत असेल. ही निवड मिनिटभरात करावी लागते. त्यासाठी डोळे उघडे आणि डोके थंड पाहिजे.

आणि गणित! हो, गणित पाहिजे. डॉक्टरांनी लिहिले की पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्या. नळीतून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. मग मिनिटाला किती थेंब पडायला हवेत? वही घ्या बरे. पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटे. भागाकार केला की उत्तर आले साधारण ४२. हे सिस्टर घड्याळाकडे बघत मनातल्या मनात करते. थेंब फार जोरात सोडले तर अशक्त हृदयाला ते पाणी पेलवत नाही, फार हळू सोडले तर हवे तेव्हा हवे तेवढे पोचत नाही. "बाई, भागाकार कुठं उपयोगी पडतो?" असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सगळ्यात लांबणारे काम असते ते पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे. कमरेखालची संवेदनाच गेली, तर माणसाला आपण एकाच कुशीवर पडून आहोत हेही कळत नाही. मग दाबलेल्या जागी कातडी सडू लागते आणि खोल जखमा होतात. म्हणून अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दिवसा आणि रात्रीही. महिनोन्‌महिने. या कामाचे कोणी फोटो काढत नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले. तेच पेटकर १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण! जिद्द त्यांची, यात शंकाच नाही. पण इतका जखमी माणूस तलावापर्यंत पोचायचा, तर त्याआधी लांबलचक शुश्रूषा झालेली असावी लागते, एवढे आपल्याला समजायला हरकत नाही.

युद्ध रोज नसते. एरवी या सिस्टर जवानांच्या बायकांची बाळंतपणे, लहान मुलांचे डोस, माजी सैनिकांचे मधुमेह आणि ऑपरेशने हेच सांभाळतात. आमच्या नगरलाही लष्करी इस्पितळ आहे.

आता घरातल्या गोष्टीकडे वळू. मुलीने 'नर्स होते' म्हटले की काही घरांत आजही कपाळाला आठ्या पडतात. "रात्रपाळी असते", "लग्नाला अडचण येईल", "त्यापेक्षा डीएड कर". (मी स्वतः डीएड आहे, तेव्हा या शेवटच्या सल्ल्याला नाव ठेवत नाही!) लग्नाचाच विषय निघाला म्हणून एक खरी हकिकत सांगते. सेलिना जॉन नावाच्या लष्करी परिचारिका लेफ्टनंट होत्या. १९८८ साली त्यांनी लग्न केले, आणि तेवढ्या कारणाने त्यांची नोकरी गेली! १९७७चा तसा नियमच होता. तो नियम १९९५ साली मागे घेतला गेला. पण सेलिनाबाई लढत राहिल्या. अखेर १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्न केले म्हणून स्त्रीला काढणे हा उघड भेदभाव आहे, आणि त्यांना साठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ३६ वर्षांनी! त्यामुळे लग्न झाले की नोकरी संपली, ही भीती आज कोणी घालत असेल तर त्याला ही हकिकत ऐकवा. प्रशिक्षण चालू असताना मात्र लग्न करता येत नाही. मला विचाराल तर ही अटच मोठी सोयीची आहे. सतराव्या वर्षी स्थळे बघायला निघालेल्या काका-मामांना दाखवायला सरकारी कागद मिळतो!

मग जायचे कसे? सगळ्यात सोपा रस्ता बारावीनंतरचा. सैन्यदलांची चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग सहा ठिकाणी चालते. त्यांतली दोन आपल्याच राज्यात आहेत, पुण्याचे एएफएमसी आणि मुंबईत कुलाब्याचे नौदलाचे 'अश्विनी' इस्पितळ. बाकीची दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळूरला. गेली काही वर्षे सगळ्या मिळून २२० जागा असतात, देशभरातून. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन पहिल्याच प्रयत्नात निदान ५० टक्के हवेत. 'नीट' द्यावी लागते. पुढे बुद्धिमत्ता व इंग्रजीची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. निवड झाली की राहणे-खाणे सरकारचे, वर विद्यावेतन. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर ठराविक वर्षे सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. अर्धवट सोडले तर पैसे भरावे लागतात, हेही आधीच घरात सांगून ठेवा.

ही संधी हुकली तरी दार बंद होत नाही. बाहेर बी.एस्सी. नर्सिंग करून, नोंदणी झाल्यावर, शॉर्ट सर्व्हिस कमिशनची परीक्षा देता येते. आमच्या नागापूरपासून मनमाड रस्त्याने थोडे पुढे गेले की विळद घाटात नर्सिंग कॉलेज आहे. तिथे शिकणारी मुलगीसुद्धा पुढे लेफ्टनंट होऊ शकते. आणि मुलग्यांनो, रुसू नका. तुमच्यासाठी सैनिक म्हणून 'नर्सिंग असिस्टंट'ची भरती असते, तिलाही बारावी विज्ञान लागते.

पाहिलेत ना, सगळी गाडी कुठे येऊन थांबते? दहावीच्या निकालानंतरच्या त्या आठवड्यावर. कॉलेज लांब पडते म्हणून जीवशास्त्र सोडले, की हा रस्ता तिथेच संपतो. तेव्हा नववी-दहावीतल्या मुलींनो, घरात हा विषय आत्ताच काढा, निकालाची वाट बघू नका. इंग्रजीची भीती असेल तर रोज एक पान मोठ्याने वाचा. नियम आणि वयाच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत पाहा, कारण त्या बदलतात. सैन्यभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर जाहिरात येते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारता येते. कोणी 'ओळख आहे, पन्नास हजार द्या, काम करून देतो' म्हणाला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.